प्रवासात साध्या खानावळीत पहिल्यांदा जेवताना

धाकधूक वाटणं साहजिक आहे, पण जा नक्की. सुरुवातीला थोडंच सांभाळायचं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अन्न वाफाळतं हवं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून चुलीवरून थेट ताटात आलेलं बिनधास्त खा. २ तासांहून जास्त वेळ कोमट पडून राहिलेलं मात्र, दिसायला कितीही छान असो, नको. जेवणाच्या ऐन गर्दीत जा. गिऱ्हाईक भराभर उठत-बसत असलं की शिळं उरत नाही. मोडकी बाकं, कळकट भिंती यांना मी अजिबात महत्त्व देत नाही; भांडी कशी धुतात, वाढणाऱ्याचे हात कसे आहेत, ते बघा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- बाटलीबंद पाणी घेतात आणि सरबतात बर्फ चालवून घेतात. बर्फ नळाच्याच पाण्याचा असू शकतो! बाटलीचं सीलही तपासा.
- भाव न विचारता मागवतात.
- पहिल्याच दिवशी सगळं चाखतात. पोटाला थोडी सवय होऊ द्या.

भाषा येत नसेल तर शेजारच्या ताटाकडे बोट दाखवून हसून मागा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.