आधी उंबरा ओलांड

प्रतापनगर, नागपूर
मार्चचा दुसरा रविवार

चि. पोरी,

काल तू गेल्यावर काकूनं तुझा कप उचलला, तर चहा तसाच, वर साय धरलेली. तासभर तू मला फोनमधलं कॅलेंडर दाखवत होतीस. नोटीस पिरियडचे ९० दिवस पिवळे, ११ जूनचं मामेबहिणीचं लग्न गुलाबी, १५ जूनचं अमेरिकेचं विमान निळं आणि १८ जून लाल. निळ्या-लालमध्ये शिल्लक किती? तीन दिवस. रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

जावं की नाही यावर मी बोलत नाही. ते तुझं ठरलंय. मला बोलायचंय ते त्या लाल चौकोनाबद्दल. १८ जून ही निघायची तारीख नाही, बाई. त्या दिवसापर्यंत तिकडच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपुढे उभं राहायचं असतं. तुझी मेडिकल १८ डिसेंबरला झाली, तिचे सहा महिने तिथं संपतात, म्हणून व्हिसाही तिथंच संपतो. अर्ज देऊन पुढं ढकलता येईल अशी ती तारीख नाही. आणि तू तिच्या अलीकडं लग्न, मेंदी, सामानाचं पॅकिंग, पीएफचे कागद सगळं कोंबून राहिलीस. काहून?

आधी उंबरा ओलांड, मग आवर. एप्रिलमध्ये मिहानमधल्या ऑफिसातून दहा दिवसांची रजा घे, जा, शिक्का मारून घे, आई-बाबांकडे चार दिवस राहा आणि परत ये. त्या शिक्क्यानिशी तुझा व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखा चालतो. कार्डाची २३५ डॉलर फी निघण्याआधी ऑनलाइन भर, म्हणजे कार्ड बाबांच्या पत्त्यावर येऊन पडेल. मग राजीनामा दे, नव्वद दिवस भर, लग्नात पोटभर नाच आणि ऑगस्टमध्ये कायमची जा. विमानतळावर कोणी विचारलं तर खरं ते सांग: नोकरी आवरायला परत जातेय, अमुक महिन्यात राहायला येतेय. तिकिटाला दोनदा पैसे जातील म्हणालीस. जाऊ दे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. ते कार्ड राहण्यासाठी असतं, फिरायला नाही. बाहेर सहा महिन्यांवर गेलीस की प्रश्न सुरू होतात आणि वर्ष ओलांडलंस की नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. त्यासाठी रीएंट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज तिथं हजर असतानाच करावा लागतो. दुसरं, पाय ठेवल्या दिवसापासून त्यांच्या करखात्याच्या लेखी तू तिथली रहिवासी. मधल्या महिन्यांचा नागपूरचा पगार आणि एफडीचं व्याज तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागेल. घाबरायचं नाही, पावत्या जपायच्या.

आणि मावशीचं ते "जायच्या आधी कोर्टात लग्नाची सही तरी करून घ्या"! तिचं ऐकलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तुझा व्हिसा ग्रीन कार्डवाल्यांच्या अविवाहित मुलीचा आहे. त्यांच्या लग्न झालेल्या मुलीसाठी व्हिसाचा वर्गच नाही. आत शिरण्याआधी सही केलीस तर १८ जूनची गरजच उरणार नाही, व्हिसा त्याच दिवशी गेला. साखरपुडा कर, पेढे वाट. सही उंबरा ओलांडल्यावर. त्या मुलाला नंतर तुझ्या अर्जावर काही वर्षं थांबावं लागेल, हे त्याला आजच सांग. मुलगा बरा वाटला मला. थांबेल.

मला एवढा राग का येतो, तेही सांगतो. १९९८ मध्ये माझ्या थोरल्या भावाच्या अर्जावर आमचा तिघांचा व्हिसा झाला होता, मे अखेरपर्यंतचा. काटोलच्या बागेत संत्र्यांचा मृग बहार लगडला होता. म्हटलं, तोडणी होऊ दे, व्यापाऱ्याचे पैसे हाती येऊ दे, मग जाऊ. तोडणी झाली, पैसे लांबले. मी तिकीट पुढं नेलं, पुन्हा पुढं नेलं. निघायच्या दोन दिवस आधी पोराला कांजिण्या निघाल्या. अंगभर फोड, बाहेर नवतपाचं ऊन, कूलरपुढे कडुनिंबाच्या डहाळ्यांवर झोपलेलं पोर. तसं लेकरू विमानात कोण घेणार? व्हिसा संपला तेव्हा आम्ही त्याच्या अंगाला कॅलामाइन लावत होतो.

कारण आपल्या हातातलं नसेल तर त्यांच्या त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, दुसरा व्हिसा मागता येतो, असं भावानं फोनवर चारदा सांगितलं. पुन्हा फी, पुन्हा मेडिकल, पुन्हा मुंबई. मी कागद घातलेच नाहीत. लोकांना आजही कांजिण्यांचं सांगतो. खरं म्हणजे मी पैशांची वाट पाहिली, नंतर रुसलो. तसं इथं काही वाईट झालं नाही. बाग उभी आहे, पोरगा पुण्यात आहे, आईच्या शेवटच्या आठ वर्षांत मी तिच्याजवळ होतो. मी गेलो असतो तर ते कोणी केलं असतं? भाऊ म्हणतो, ही सगळी नंतर जमवलेली कारणं आहेत. म्हणू दे. पण तुला नंतर कारणं जमवायची वेळ येऊ नये.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी उंबरा ओलांड. लग्न, पीएफ, स्कूटर विकणं, सगळं नंतर. कागद हातातल्या बॅगेत ठेव. वकिलातीनं बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट बघ आणि आज रात्रीच मला फोन कर. उद्या नाही.

बागेत मृग बहाराची शेवटची तोडणी चालू आहे. बुधवारी एक पेटी घरी पाठवतो. तिकडे फळं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळी इथंच संपव. आणि या खेपेला चहा पिऊन जा.

तुझा,
काका