'डेझर्ट हार्ट्स' (१९८५) आज पाहण्यासारखा आहे का? शेवट फारच गोड आहे असं ऐकलंय.

पाहा. दोन बायकांच्या प्रेमाचा हा सिनेमा आहे. आणि शेवट गोड आहे असं सांगणाऱ्याचं पुन्हा काही ऐकू नका. अशाच एका गृहस्थांशी माझं कित्येक वर्षं वाजतंय.

आम्ही मित्रमंडळी एकमेकांच्या घरी जमून सिनेमे पाहायचो. माझी पाळी आली तेव्हा मी हा लावला. संपल्या संपल्या आमचे स्वयंघोषित समीक्षक म्हणाले, "छान आहे, पण खोटा. सहा आठवड्यांत कुठं प्रेम होतं? आणि अशा बायकांचं इतकं चांगलं होतं का कधी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

अहो, ते सहा आठवडे पटकथेच्या सोयीचे नाहीत, कायद्याचे आहेत! अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९३१पासून सहा आठवडे राहिलं की घटस्फोट मागता यायचा. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय सुटका नव्हती. म्हणून तर १९५९ साली कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवणारी व्हिव्हियन नेवाडातल्या रीनो शहरात येते आणि घटस्फोटवाल्या बायका उतरतात त्या रँचवर राहते. काम नाही, ओळखीचं कुणी नाही, नवरा सुटलेला. त्यात कॅसिनोत सुटे पैसे देणारी के नावाची मुलगी भेटते, तीही भर रस्त्यात उलटी गाडी पिटाळत. सहा आठवडे कमी म्हणणारे हे गृहस्थ स्वतः एका भेटीत लग्न ठरवून मोकळे झालेले, हे जाता जाता.

आता शेवट (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा). व्हिव्हियन परतीच्या आगगाडीत आणि के फलाटावर. पुढच्या स्टेशनापर्यंत तरी चल, एवढंच मागणं. चाळीस मिनिटांचा प्रवास. पुढं काय, कुणालाच ठाऊक नाही. यात गोड काय आहे? १९६१च्या 'द चिल्ड्रन्स अवर'मध्ये मैत्रिणीवरचं प्रेम कबूल करणारी बाई गळफास घेते, ते मात्र यांना वास्तववादी वाटतं. दिग्दर्शक डॉना डाइचला नेमकं तेच करायचं नव्हतं. स्टुडिओ पाठीशी नसताना तिनं लोकांना शेअर विकून पैसे उभे केले, आणि सिनेमा पुरा करायला राहतं घर विकलं.

हां, दोष आहेत. पहिला अर्धा तास संथ आहे, रँचच्या मालकिणीची आदळआपट जरा ताणली आहे. हॉटेलातला प्रसंग बराच मोकळा आहे, तेव्हा घरच्यांसोबत बसणार असाल तर विचार करून बसा. जेन रूलच्या १९६४च्या कादंबरीवरून सिनेमा घेतलाय, पण ती आधी वाचायची काही गरज नाही.

आणि सोबत कुणी "सहा आठवड्यांत कुठं" म्हणालंच, तर त्यांचं लग्न कसं ठरलं ते आधी विचारा. आमच्याकडे त्यानंतर चहा होईपर्यंत कुणी बोललं नव्हतं.