अवटू ग्रंथी: घशात, गळ्यात की मानेत?

प्रश्न असा आहे: थायरॉइडला मराठी पुस्तकांत 'अवटू ग्रंथी' म्हणतात, ती घशात असते, गळ्यात की मानेत? आणि अवटू म्हणजे काय?

घसा आधी बाजूला काढू. घसा म्हणजे आतली पोकळी. तो बसतो, खवखवतो, कोरडा पडतो. थायरॉइड या पोकळीच्या बाहेर असते, तेव्हा 'घशातली ग्रंथी' हे चूकच. मान म्हणजे डोकं आणि धड यांच्यामधला सगळा भाग; पण मान अवघडते किंवा मानगूट धरतात तेव्हा आपल्या मनात मागची बाजू असते. पुढून तोच गळा होतो, म्हणून हार गळ्यात पडतो. शरीरशास्त्राने ही ग्रंथी मानेत म्हणावी, बोलीने गळ्यात. दोन्ही बरोबर.

नेमकी जागा बोटानेच शोधा. हनुवटीखालून मधोमध बोट खाली आणलं की टणक उंचवटा लागतो, तो कंठमणी. पुरुषांत तो चटकन सापडतो. त्याखाली एक कडक कडं, मग श्वासनलिका सुरू. थायरॉइडचा मधला अरुंद पट्टा श्वासनलिकेच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या कड्यावर आडवा असतो आणि त्याला जोडलेले दोन खंड दोन्ही बाजूंनी वर चढतात. सगळं मिळून वजन जेमतेम 15 ते 25 ग्रॅम. निरोगी ग्रंथी सहसा हाताला लागतही नाही. मात्र ती स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला बांधलेली असल्याने आवंढा गिळला की वर सरकते. डॉक्टर गळ्यावर बोटं ठेवून 'गिळा' म्हणतात ते यासाठी. खंडांच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारी नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) जाते. शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो.

आता अवटू. इथे खरी गंमत आहे. अमरकोशात 'अवटुर्घाटा कृकाटिका' असे तीन शब्द एका ओळीत येतात आणि तिन्हींचा अर्थ मानेची मागची बाजू! म्हणजे पुढच्या ग्रंथीला नाव मिळालं ते मानगुटीचं. ग्रीक नावही काही फार नेमकं नाही. 'थायरॉइड' म्हणजे ढालीसारखं, आणि ढालीसारखी आहे ती कंठमण्याची कूर्चा, म्हणजे तिथलं लवचीक हाड. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने 1656 मध्ये शेजारच्या कूर्चेवरून ग्रंथीला ते नाव दिलं. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'ढाल' हा अर्थ घेतला नाही, जुना अवटू उचलला. माझ्या मते रोजच्या लिखाणात सरळ 'थायरॉइड' लिहावं, ते आता मराठीच झालंय. 'मला थायरॉइड आहे' हे मात्र कानाला खटकतं. ती ग्रंथी सगळ्यांनाच असते, त्रास असेल तर 'थायरॉइडचा त्रास' म्हणावं.

लेखनाचं म्हणाल तर सुटा शब्द 'अवटू', समासात ऱ्हस्व: 'अवटुग्रंथी'.

जाता जाता, तीन शब्दांची गल्लत फार होते. थायरॉइड सुजून गळा फुगतो तो गलगंड. गालगुंड म्हणजे गालफुगी; त्यात कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, थायरॉइडचा काही संबंध नाही. मानेत रांगेने गाठी येतात त्या गंडमाळा. त्या लसीकाग्रंथींच्या (लिम्फ नोड्सच्या) असतात, बहुतेकदा क्षयामुळे.