आईला जिना चढवत नाही, एसजीओटी-एसजीपीटी वाढलंय पण कावीळ दिसत नाही. हा स्नायूंचा आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे स्नायू आणि कातडी दोन्हींना सूज आणणारा आजार आहे आणि तिची फाईल गेली सहा वर्षं माझ्याच हातात आहे.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या पावसाळ्यात भाताच्या लावणीला वाकलेली आई कुणी हात दिल्याशिवाय उठेना. मग चुलीपुढून उठताना भिंत धरू लागली, पुढे वेणी घालायला हात वर जाईना. दुखत फारसं नव्हतं. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं निघालं आणि कावीळ समजून चार महिने पथ्य आणि झाडपाला चालला. काविळीत जे रक्तात वाढतं ते बिलिरुबिन पहिल्या दिवसापासून नॉर्मल होतं, पण ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. ही दोन्ही एन्झाइम यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायूंना इजा झाली की तिथूनही ती रक्तात उतरतात. म्हणून उद्याच सीके, म्हणजे मुख्यतः स्नायूंतलं एन्झाइम, तपासून घ्या, काही लॅबमध्ये त्यालाच सीपीके म्हणतात. ते साधारण 200 च्या आत असतं. आईचं 6,000 च्या वर होतं. सोबत टीएसएच करा, थायरॉईड कमी असलं तरी सीके वाढतं. आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आमचा उशीर भाषेनंही झाला. आई सगळीकडे एवढंच म्हणायची, "लई अशक्तपणा आलाय." कन्नड डॉक्टरांपुढे त्याचं "सुस्त आगतैति", म्हणजे थकवा येतो, असं व्हायचं. दोन्ही ऐकून सलाईन आणि टॉनिकच मिळायचं. थकवा वेगळा, ताकद जाणं वेगळं. काय करता येत नाही ते सांगा: मांडी घालून बसल्यावर उठता येत नाही, बसची पायरी चढवत नाही, घागर उचलत नाही. त्याहून बरं म्हणजे आई जमिनीवरून उठतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या. आमचं निदान त्या व्हिडिओनंतरच मार्गी लागलं.

आईच्या पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या पेरांवर लालसर खरखरीत चट्टे होते. आम्ही ते साबणाचं समजत होतो. डर्मॅटोमायोसायटिसची ती मोठी खूण आहे, तुमच्या आईचे हात उजेडात नीट बघा. चट्टे नसले तरी दुसऱ्या प्रकारचा मायोसायटिस, म्हणजे स्नायूंची सूज, असू शकतो. साधारण पन्नाशीनंतर मांड्यांबरोबर बोटांची पकडही सैल होत गेली तर इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसचा विचार होतो, आणि त्यात स्टिरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून नेमका प्रकार कळल्याशिवाय औषधांची घाई नको.

बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जिथं सोयीचं असेल तिथं जा, पण रुमॅटॉलॉजिस्ट (सांधे-स्नायूंच्या सुजेचे डॉक्टर) किंवा न्यूरॉलॉजिस्टच (मेंदू-नसांचे डॉक्टर) गाठा. ते अँटिबॉडीची तपासणी, ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत हालचालीची तपासणी), मांडीचा एमआरआय सांगतील, गरज पडली तर स्नायूचा छोटा तुकडाही काढतील. छातीचा सीटी सांगितला तर टाळू नका, काही प्रकारांत फुफ्फुसांनाही इजा होते. मोठ्या माणसांत डर्मॅटोमायोसायटिसबरोबर कधी कधी कॅन्सर लपलेला असतो, त्याचाही शोध घेतात. ते ऐकून आम्ही घाबरलो होतो, पण आईचं सगळं स्वच्छ निघालं.

आईला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं आणि जोडीला मेथोट्रेक्सेट, म्हणजे बिघडलेली प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी. ही दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही कालनिर्णयवर दर बुधवारी गोल काढतो. स्टिरॉइड मनानं बंद करायचं नाही, ते हळूहळूच उतरवतात. साखर, बीपी, हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं. सीके खाली येऊनही मांड्या पुन्हा ढिल्या पडल्या तर ते स्टिरॉइडमुळेही असू शकतं, तेव्हा घरच्या घरी डोस वाढवू नका. नुसतं झोपवूनही ठेवू नका. फिजिओथेरपिस्टनं बेतानं वाढवलेल्या व्यायामानं आईला खरा फरक पडला. ताकद यायला महिने लागले. लावणी तिनं सोडली, पण माडीवर ती आता कठडा न धरता जाते.

तुमच्या आईला गिळताना ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल किंवा चालताना दम लागत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.