मुलीला इंजिनियरिंगसाठी ३८ हजारांचा लॅपटॉप पुरेल की ७८ हजारांचा गेमिंगच घ्यावा?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलीला जळगावला कॉम्प्युटर इंजिनियरिंगला प्रवेश मिळालाय, ती रावेरहून रेल्वेने अप-डाऊन करणार आहे. दुकानात तुम्हाला दोन लॅपटॉप दाखवले. एक ३८ हजारांचा, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमवाला. दुसरा ७८ हजारांचा गेमिंग, आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड आणि १६ जीबी रॅमचा. दुकानदार म्हणतोय चार वर्षांचा प्रश्न आहे, मोठाच न्या, हप्ते पाडून देतो. केळीचे पैसे हातात आलेत, पण कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवडही तोंडावर आहे.

माझं म्हणणं, हे दोन्ही घेऊ नका. ५० हजारांच्या आसपासचा, साधा पण उघडून वाढवता येईल असा लॅपटॉप घ्या. का, ते सविस्तर सांगतो. मी भुसावळला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, बारा वर्षं झाली. महागडे आणि स्वस्त दोन्ही लॅपटॉप शेवटी माझ्याच टेबलावर उघडले जातात.

आधी गेमिंगचं बोलू. मागच्या मे महिन्यात चोपड्याकडचा एक विद्यार्थी असाच लॅपटॉप घेऊन आला. घेऊन दीड वर्ष झालेलं. म्हणाला, "काका, दहा मिनिटं झकास चालतो, मग म्हशीसारखा बसतो." खालचे स्क्रू काढून झाकण उचललं. दोन्ही पंखे फिरत होते. पण गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे धातूच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिच्यावर करड्या रंगाची गादी बसली होती. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी निघून आली, जुन्या गोधडीचा तुकडा फाटावा तशी. विचारल्यावर कळलं, भाव वाढायची वाट बघत यांचा कापूस घरातल्या खोलीतच भरलेला असतो, आणि पोरगा अभ्यासाला त्याच खोलीत बसतो. वर्षभराची रुई पंख्याने आत ओढून घेतली होती.

जाळी साफ केली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली, फरक पडला. पण दुपारी दोनला दुकानातच चाळिशीच्या वर तापमान होतं. टेस्ट लावली तर पाच-सात मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर गेला आणि त्याने स्वतःच वेग उतरवला. हा बिघाड नव्हता. प्रोसेसर जळू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी आजूबाजूचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ ला टेकतो. साध्या लॅपटॉपमधल्या 'यू' अक्षराच्या प्रोसेसरची मूळ वीज १५ वॉटच्या घरात असते. गेमिंगमधल्या 'एच' अक्षराच्या प्रोसेसरला ४५ वॉट लागतात, वर ग्राफिक कार्डची वीज वेगळी. एवढी उष्णता बाहेर काढायची तर बाहेरची हवा थंड हवी. घरात एसी असेल तर गोष्ट निराळी. कूलरसमोर ठेवून भागवू म्हणाल तर तेही नको, कूलरच्या ओल्या हवेने कनेक्टरवर हिरवा गंज चढलेले बोर्ड मी पाहिलेत.

दुसरं, वजन. असा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो आणि त्याचं अडॅप्टर म्हणजे एक वीटच, अर्धा किलो तरी सहज. घरी ठेवून जाता येत नाही, कारण बॅटरीवर कॉलेजचा दिवस निघत नाही. वह्या, डबा, पाण्याची बाटली आणि हे तीन किलो पाठीवर घेऊन सकाळच्या गाडीत उभ्याने जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. आठवडाभरात पोरगी लॅपटॉप घरी ठेवायला लागेल. माझ्याकडे येणाऱ्या अप-डाऊनवाल्या मुलांचं हेच झालेलं बघतो.

लाईटचंही बघा. जोरात काम करताना गेमिंग लॅपटॉप दीडशे वॉटच्या पुढे खेचतो, म्हणजे छताच्या दोन पंख्यांएवढी वीज. परीक्षेच्या दिवसांत रात्री लाईट गेली आणि घर इन्व्हर्टरवर असलं तर हा फरक लगेच जाणवतो. साधा लॅपटॉप ६५ वॉटच्या अडॅप्टरवर चालतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळ त्याच्या निम्मीही वीज घेत नाही.

आता मुलीला नेमकं करायचंय काय? पहिल्या वर्षी सी किंवा पायथन. पुढे जावा, डेटाबेस, वेबसाइट बनवणं. यातल्या कशालाही ग्राफिक कार्ड लागत नाही. जड म्हणावं असं एक काम येतं, मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ. तेही रॅम खातं, कार्ड नाही. ८ जीबीत ते कसंबसं चालतं, १६ जीबीत सुखाने चालतं. राहिलं एआय आणि मशीन लर्निंग. दुकानदार हल्ली याच शब्दावर गेमिंग लॅपटॉप विकतात. पण मुलं ते शिकतात गूगल कोलॅबवर, ब्राउझर उघडून. तिथे फुकटात, वेळेच्या मर्यादेत, टी४ नावाचं १६ जीबी मेमरीचं कार्ड वापरायला मिळतं. लॅपटॉपमधल्या ३०५० ला ४ किंवा ६ जीबी मेमरी असते. म्हणजे शिकण्यापुरतं त्याहून मोठं यंत्र एका चांगल्या इंटरनेट कनेक्शनवर घरबसल्या मिळतंय.

मग ३८ हजारवाला का नको? तो अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात दोन गोष्टी आहेत ज्या दुकानात कुणी सांगत नाही. रायझनच्या त्या ७००० मालिकेतल्या नंबरात तिसरा आकडा बघायचा असतो, तो आतल्या आराखड्याची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही जुनी पिढी, चार कोर (काम करणारे भाग). ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, सहा कोर. नाव दोघांचंही 'रायझन ५', स्टिकर सारखंच. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट: ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली असते. ८ जीबी घेतली की ती लॅपटॉप भंगारात जाईपर्यंत ८ जीबीच. तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझरचे वीस टॅब आणि ऑनलाइन मीटिंग एकदम चालू झाली की तो अडखळणार, आणि तेव्हा मी किंवा दुसरा कुणीही काहीच करू शकणार नाही.

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. पारोळ्याकडचे एक शिक्षक मुलीचा लॅपटॉप घेऊन आले होते. २२ हजारांना घेतलेला, सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज. विंडोज ११ चालायला मायक्रोसॉफ्टने घातलेली किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही आहे, म्हणजे उंबऱ्यावरच उभा केलेला लॅपटॉप. अपडेट यायला लागल्यावर जागा संपली, प्रोजेक्टची फाइलसुद्धा सेव्ह होईना. सर म्हणाले, "काय लागेल ते टाका, पण चालू करा." रॅमही चिकटवलेली, स्टोरेजही चिकटवलेलं. मी झाकण उघडून त्यांना दाखवलं की इथे काही टाकायला जागाच नाही. ते बराच वेळ समोरच्या स्टुलावर बसून होते. सर्वांत स्वस्त लॅपटॉप ज्यांना दुसऱ्यांदा पैसे घालणं परवडत नाही त्यांच्याच माथी मारला जातो, याचा मला फार त्रास होतो.

म्हणून तुमच्यासाठी असं बघा: रायझन ५ ७५३०यू किंवा इंटेलचा आय५ १२३५यू, नाहीतर त्यानंतरच्या पिढीतला त्याच तोडीचा. १६ जीबी रॅम. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फायली ठेवायचं वेगवान स्टोरेज. आधी मी सगळ्यांना सांगायचो, ८ जीबीचा घ्या आणि वर्षाने ८ जीबीची पट्टी टाका, चार पैसे वाचतील. पण २०२५ सरता सरता रॅमचे भाव जगभर चढले, एआयच्या डेटा सेंटरांकडे चिपचा माल वळला म्हणून. त्यामुळे आता १६ जीबी आतच असलेला घेणं बरं. पुढे रॅमची पट्टी बसवायला निदान एक स्लॉट, म्हणजे खाच, मात्र असायलाच हवा. वर्णनात 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर रॅम चिकटवलेली आहे असं समजा. 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलपुढे 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलंय का ते वाचा. दुकानात सुरू करून दाखवायला सांगा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की स्लॉट किती आणि भरलेले किती ते बहुतेक वेळा दिसतं. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

स्क्रीन आयपीएस प्रकारची आणि ३०० निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचं माप) असली तर उत्तम. रेल्वेत खिडकीशी बसून वाचायचं असेल तर फिकट स्क्रीनवर डोळे दुखतात. वजन दीड-पावणेदोन किलोच्या आत ठेवा. वॉरंटीत घरी येऊन दुरुस्ती मिळते का, आणि ती तुमच्या पिनकोडला मिळते का, हे घेण्याआधी विचारा. जळगाव शहरात मिळणारी सेवा रावेर तालुक्यातल्या गावाला मिळेलच असं नाही.

कुणी जुना, ऑफिसातून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा डेलचा लॅटिट्यूड सुचवेल. मजबूत असतात, उघडायला सोपे असतात, मलाही आवडतात. पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचा माल त्यामुळेच एवढा स्वस्त झालाय.

मोठ्या लॅपटॉपच्या मी विरोधात नाही. मुलगी सिव्हिल किंवा मेकॅनिकलला असती, थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअरं रोज चालवणार असती, तर मीच म्हणालो असतो कार्डवाला घ्या. व्हिडिओ एडिटिंग किंवा अ‍ॅनिमेशनकडे तिचा ओढा असेल तरीही. तेव्हा एकदा तिलाच विचारा. तुमच्या प्रश्नात दुकानदाराचं मत आहे, तुमचं आहे, तिचं कुठेच आलेलं नाही. गेम खेळायचे असतील तर तेही ती मोकळेपणाने सांगू दे, त्यात चूक काही नाही, मग निर्णय माहितीवर होईल.

हप्त्यांचं एवढंच, कांदेबागेच्या खर्चाच्या वेळेला लॅपटॉपचा हप्ता येऊ देऊ नका. ५० हजार रोखीने जमत असतील तर रोखीने घ्या. उरलेल्यातले हजार-दीड हजार घरातल्या ज्या सॉकेटवर ती अभ्यासाला बसणार त्याच्या अर्थिंगवर घाला. गावाकडच्या बऱ्याच घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. मग चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. वायरमनला टेस्टर नव्हे, मीटर घेऊन बोलवा.

दुकानात आणखी मॉडेल दाखवले तर त्यांचे पूर्ण नंबर खालच्या पट्टीवरून उतरवून इथे लिहा. रॅम चिकटवलेली आहे की स्लॉटमध्ये, ते मी बघून सांगतो.