चिकटलेल्या दोन ट्रॉलींचा वेग २ की २.४५? आणि उरलेली ऊर्जा गेली कुठे?

२ किलोची ट्रॉली ३ मीटर प्रति सेकंद वेगाने येते, १ किलोच्या स्थिर ट्रॉलीवर आदळते आणि दोन्ही चिकटून पुढे जातात. तुम्ही गतिज ऊर्जा (अर्धे × वस्तुमान × वेगाचा वर्ग) कायम धरून २.४५ काढलेत, पुस्तकाचे उत्तर २ आहे. पुस्तक बरोबर आहे. पण "चिकटल्या की ऊर्जा टिकत नाही" एवढे पाठ करून थांबू नका, कारण त्यामागचे कारण याच आकड्यांत स्पष्ट दिसते.

आधी संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बाहेरून बल लागले नाही तर एकूण संवेग बदलत नाही. टकरीआधी तो २ × ३ = ६, नंतर एकूण वस्तुमान ३ किलो, म्हणून वेग २. तुमचा २.४५ खरा असता तर संवेग ७.३५ झाला असता. हा वरचा १.३५ द्यायला बाहेरून कुणीतरी ढकलायला हवे, आणि तसे इथे कुणी नाही.

आता टक्कर चालू असतानाचा क्षण बघा. दोन्ही ट्रॉली एकमेकींवर सारख्याच मापाचे, उलट दिशेचे बल लावतात, आणि तेही अगदी तेवढाच वेळ. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. म्हणून पहिलीने २ एकक गमावले, तर दुसरीने बरोबर २ कमावले. ऊर्जेचा हिशोब मात्र वेळेवर नाही, अंतरावर चालतो: बल गुणिले विस्थापन. सोयीसाठी बल स्थिर धरू. त्या काळात पहिलीचा वेग ३ वरून २ वर येतो, सरासरी २.५. दुसरीचा ० वरून २ वर जातो, सरासरी १. वेळ तोच, पण पहिली अडीचपट अंतर कापते. त्यामुळे पहिली २ × २.५ = ५ ज्यूल गमावते आणि दुसरीला २ × १ = २ ज्यूलच मिळतात. मधले ३ ज्यूल संपर्काच्या जागी दबलेल्या, चेपलेल्या भागात जातात आणि शेवटी उष्णता व आवाज होतात. आधीचे ९, नंतरचे ६, हिशोब जुळला. (बल स्थिर नसले तरी निष्कर्ष हाच राहतो, फक्त आकडेमोड लांबते.)

याच जागी स्प्रिंग असती तर ते ३ ज्यूल तिच्यात साठून परत मिळाले असते. मग पहिलीचा वेग १ आणि दुसरीचा ४ झाला असता. ताळा: संवेग २ + ४ = ६, ऊर्जा १ + ८ = ९. प्रत्यक्षातल्या बहुतेक टकरी या दोन टोकांच्या मध्ये असतात. तिथे विलग होण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग हे गुणोत्तर लागते. ते ०.५ असेल तर वेग १.५ आणि ३ येतात, आणि तोटा २.२५ ज्यूल. ३ ज्यूलपेक्षा जास्त तोटा मात्र होऊच शकत नाही. उरलेले ६ वस्तुमानकेंद्राच्या, म्हणजे दोन्ही ट्रॉलींच्या मिळून होणाऱ्या एकत्रित गतीचे आहेत. संवेग ६ असेपर्यंत त्यांना हात लागत नाही.

गुण जातात ते बहुतेक चिन्हांत. ०.२ किलोचा चेंडू ५ ने भिंतीवर जाऊन ४ ने परत आला, तर संवेगातला बदल ०.२ × (५ + ४) = १.८, वजाबाकी करून ०.२ लिहिणे चूक. खुद्द फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने गतीचे मोजमाप करताना दिशा धरली नव्हती, म्हणून त्याचे टकरीचे नियम चुकले. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ते दुरुस्त केले. गणित सुरू करतानाच एक दिशा धन ठरवा आणि कागदावर बाण काढा. इथे चेंडूचा संवेग टिकला नाही, कारण भिंत त्याच्यासाठी बाह्य आहे. भिंत आणि पृथ्वी हिशोबात घेतल्या की टिकतो.

"घर्षण असताना संवेग टिकण्याचा नियम लागू कसा?" हा तुमचा दुसरा प्रश्न. टकरीच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे वेग घ्या, एवढेच. दोन्ही ट्रॉलींवर मिळून ०.६ न्यूटन घर्षण आणि टक्कर ०.०१ सेकंदाची असेल, तर संवेगातला फरक ०.००६, म्हणजे ६ च्या एक हजारांश. पण वेग सेकंदभर उशिरा मोजलात तर तो ०.६ होतो, थेट दहा टक्के. प्रयोगात संवेग "हरवतो" तो बऱ्याचदा असा. रुळाला उतार असेल तरी हेच घडते, म्हणून आधी ट्रॉली रुळावर नुसती सोडून बघा. आपोआप सरकली तर रूळ समतल करा.

शेवटचा सापळा बंदुकीची गोळी आणि टांगलेल्या ठोकळ्याचा. गोळीचा वेग मोजायचा हा लोलक इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये मांडला. १० ग्रॅमची गोळी १.९९ किलोच्या ठोकळ्यात रुतते आणि तो ५ सेंटीमीटर वर जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जा कायम धरली तर गोळीचा वेग १४ येतो. खरे उत्तर १९८ मीटर प्रति सेकंद. गोळी रुतताना फक्त संवेग वापरायचा. ठोकळा वर चढताना फक्त ऊर्जा, कारण तेव्हा गुरुत्वबल बाहेरून काम करत असते आणि संवेग टिकत नाही. म्हणून आधी उंचीवरून ठोकळ्याचा वेग ०.९९ काढा, मग त्याला २०० ने गुणा, कारण गोळीसह ठोकळा २ किलोचा, म्हणजे गोळीच्या २०० पट. गोळीच्या १९६ ज्यूलपैकी झोक्याला जेमतेम ०.९८ मिळतात, बाकीचे लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जातात.