शिकवायला बसण्याआधी
अगं, क्रोशाच्या लेसचा वर्ग सुरू करते आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. वर्गाला बायका मिळवायला हळदीकुंकवाला जाशील, तेव्हा पूर्ण झालेला रुमाल नेऊ नकोस. "किती सुरेख, पण आपल्याला नाही बाई जमायचं" म्हणून बायका तो बाजूला ठेवतात. अर्धवट लेस ने आणि विणत बस. कुणीतरी हात पुढे करतेच. तिला लगेच सुई दे.

पहिल्या दिवशी ४० नंबरचा बारीक दोरा नकोच. १० नंबरचा सुती, फिक्या रंगाचा घे. गडद दोऱ्यात टाका दिसत नाही. खरा घोळ डाव्या हातात असतो. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यायला हवा. सैल पडला की साखळी वेडीवाकडी होते, आवळला की सुई आत शिरत नाही. तिच्या हाताला हात लावून दाखव, पण विणकाम स्वतःकडे ओढून घेऊ नकोस. डावखुरी असेल तर समोर बस, म्हणजे तुझे हात तिला आरशातल्यासारखे दिसतील.

साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (उंच टाका) एवढ्या तीन टाक्यांवर रुमालाची किनार होते. रुखवताचं तोरण नंतर. आणि पहिली पट्टी उसवायला लावू नकोस. मी एकीला लावली होती, ती परत आली नाही. अजून मनाला लागतं.